माझी मी जाईन

आमच्या इंदूआत्याला कुणी घ्यायला आलेलं चालत नाही आणि कुणी सोडायला आलेलं तर त्याहून चालत नाही. राहुरीच्या स्टँडवर उतरलं की तिचं घर चांगलं लांब, कालव्याच्या अंगाला. वाटेत ओळखीच्या एखाद्यानं मोटरसायकल थांबवून "आत्या, बसा" म्हटलं, की ती त्याच्याकडं असं बघते, जणू त्यानं तिला शिवी दिली. "माझी मी जाईन," एवढंच बोलते आणि चालू लागते. मोटरसायकलवाला पेचात पडतो. म्हाताऱ्या माणसाला सोडून पुढं जाणंही बरं दिसत नाही. मग तो पहिल्या गिअरमध्ये फटफट करत तिच्या बाजूनं घरापर्यंत येतो, चहा पितो आणि पेट्रोल जाळून परत जातो.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. ते सांगतात की पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या आणि नवरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायला निघाली. दिरानं हात पुढं केला. ही म्हणाली, "सरका, माझी मी चढते." आणि शालू सावरत, मुंडावळ्यांसकट ती चढली. सासरच्यांना तिथंच काय समजायचं ते समजलं.

तिच्या मोतीबिंदूच्या वेळची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. नगरला ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा सुहास पुण्याहून गाडी घेऊन तिला न्यायला आला, तर खाट रिकामी. नर्स घाबरलेली, सुहास त्याहून घाबरलेला. त्यानं मला फोन केला, मी ऑफिसातून धावले. तोवर आत्या एका डोळ्याला पट्टी बांधून एसटीनं राहुरीला पोचून भाकरी थापत होती. "एक डोळा हाय की," ती म्हणाली. "पाटी वाचाया एक डोळा पुरतो."

आता तुम्हीच सांगा, अशा बाईला समुद्रावरच्या जहाजात बसवायची कल्पना कुणाला सुचावी? सुहासला सुचली.

त्याचं झालं असं. गेल्या पावसाळ्यात आत्या परसात पाय घसरून पडली. पाय मुरगळला, चांगला सुजला. तिनं कुणालाही सांगितलं नाही. शेजारणीनं मला कळवलं, मी सुहासला कळवलं आणि सुहास हट्टाला पेटला. आई आता एकटी राहणार नाही, दिवाळीनंतर पुण्याला येणार. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, ऊस वाट्यानं दिलेला, गाय मागंच विकलेली. राहुरीत अडकून पडायला तसं कारण उरलेलं नाही, असं सुहासचं म्हणणं. आणि मुलगा वाईट नाही हो. वाद घालतो वकिलासारखा, पण आईसाठी घालतो.

आत्याला पुण्याचा फ्लॅट पसंत नव्हता. "तिथं लिफ्टचं बटान दाबाया बी मानूस ठेवलाय," ती म्हणायची. "मंग मी काय करू? नुसता श्वास घेऊ?"

हे भांडण दर रविवारी फोनवर चाले. एक रविवार सुहासची सरशी, एक रविवार आत्याची, अशी फेरी ठरल्यासारखी. शेवटी सुहासनं डाव टाकला. आईला आरामाची चव नाही, ती एकदा लावली की आई आपोआप पुण्याला येईल, असा त्याचा हिशोब. त्यानं मुंबईहून गोवा, तिथून कोची आणि परत मुंबई अशा क्रूझची दोन तिकिटं काढली. एक आत्याचं, एक सोबत म्हणून माझं. मी नगरला विमा कंपनीच्या ऑफिसात काम करते. अपघात होणारच असं धरून चालणं हा माझा धंदा. अशा माणसाला सोबतीला पाठवण्यात सुहासचा धूर्तपणा होता.

निघायच्या आधी तो राहुरीला आला आणि सगळं समजावून सांगू लागला. जहाज बंदराला लागलं की जहाजवाल्यांचीच सहल असते. एसी बस दारात येते, गावात फिरवते, परत आणून सोडते. त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण आपलं फिरायला गेलो आणि उशीर झाला, तर मात्र जहाज थांबत नाही. "म्हणून आई, दोन्हीकडच्या सहली बुक करून टाकतो."

"नको. माझी मी बघंल."

"आई, परका मुलूख आहे. तुला भाषा येत नाही. तू चुकशील."

"मी आजवर कदी चुकले?"

"मग लाव पैज," सुहास म्हणाला. आवाज चढला होता. "दोन्ही बंदरांत तुझी तू फिर. या संगीताला वाट विचारायची नाही. वेळेत जहाजावर परत आलीस तर मी पुण्याचा विषय कायमचा सोडला. पण एकदा जरी जहाज चुकलं, किंवा संगीताला तुला शोधायला लागलं, तर दिवाळीनंतर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

"लावली," आत्या म्हणाली.

मी दोघांच्या मध्ये पोहे खात बसले होते, त्यामुळं पंच मीच. खरं सांगते, मला कुणी जिंकावं हेच कळत नव्हतं. आत्या राहुरीच्या घराबाहेर कशी दिसेल याची कल्पना करवत नव्हती आणि ती परसात पडलेलीही डोळ्यांपुढून जात नव्हती.

जहाज बघून आत्या अजिबात हरखली नाही. "साखर कारखान्याएवढं हाय," म्हणाली आणि आत शिरली. वरच्या डेकवर निळ्या आरामखुर्च्या मांडलेल्या होत्या. तिनं कमरेचा रुमाल काढून एका खुर्चीवर टाकला, दुसरीवर माझी ओढणी टाकली आणि निर्धास्तपणे जेवायला गेली. आम्ही परत आलो तर तिच्या खुर्चीत उघड्या अंगानं एक गृहस्थ ऊन खात पडलेले. रुमाल त्यांनी घडी करून बाजूला ठेवला होता. आत्या त्यांच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. "उठा. रुमाल टाकलेला दिसला न्हाई का?" ते मुकाट्यानं उठले. एसटीत रुमाल टाकून जागा धरायची असते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण आत्याच्या आवाजापुढं कायदा कुठला हे कुणी विचारत नाही.

सहलींच्या काउंटरवरच्या मुलीनंही एकदा प्रयत्न करून पाहिला. चकचकीत कागद पुढं करून ती हिंदीत किल्ला, चर्च, बाजार असं सांगत होती.

"बशीतून उतरू देता का?" आत्यानं विचारलं.

"फोटोसाठी थांबतो ना आजी."

"आन् तिथल्या मानसांच्या घरी जाता येतं का?"

मुलगी गोंधळली. असा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा.

"मंग घान्याच्या बैलावानी झापड लावून फिरवनार तुमी," आत्या म्हणाली आणि निघाली. मुलीला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण ती हसून नमस्कार करती झाली.

गोव्याला, मुरगाव बंदरात, सगळे उतारू एसी बसच्या रांगेत उभे राहिले आणि आत्या आपली पिशवी काखेत मारून फाटकाकडं. मला सक्त ताकीद होती. "माझ्या मागं चालायचं. पुढं न्हाई. आन् त्यो मोबाईल पिशवीत." फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांनी घेरलं, तर ती न थांबता म्हणाली, "आमी हितलंच हाय." लुगडं, हातात कापडी पिशवी, पायात मळखाऊ चपला. एकालाही संशय आला नाही.

वाट विचारायची तिची रीत मला त्या दिवशी कळली. पुरुषाला विचारायचं नाही. "त्याला ठाऊक नसलं तरी त्यो सांगतो." बाईलाच विचारायचं, आणि तीही हातात भरलेली पिशवी असलेली बाई. तिला घरी जायची घाई असते, त्यामुळं ती जवळची वाट सांगते. या रीतीनं आम्ही वास्कोच्या बस स्टँडवर पोचलो. तिथं आत्यानं चहा घेतला, सगळ्या गाड्या निरखल्या आणि जिच्यात बायका जास्त त्या गाडीत चढली.

त्या सगळ्या मासळीवाल्या निघाल्या. टोपल्या पायाशी, वास बसभर. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. तिनं नाकाला पदर लावला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू गाडी मी निवडली होती. पण थोड्याच वेळात शेजारची बाई कोकणीत आणि ही राहुरीच्या मराठीत सुनांविषयी बोलू लागल्या. दोघींचं एका शब्दावरूनही अडलं नाही. तो विषय कुठल्याही भाषेत कळतो. पदर केव्हा खाली आला ते तिलाही समजलं नसेल. त्या बाईनं आम्हाला आपल्या घरी उतरवून घेतलं. विहीर दाखवली, फणस दाखवला, सोलकढी दिली. आत्यानं पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढून अर्धी चटणी तिच्या वाटीत ओतली.

आम्ही चांगले वेळेत परतलो. रात्री जेवताना टेबलावर ठाण्याचं एक जोडपं होतं. त्यांनी दोन चर्चं आणि एक किल्ला पाहिला होता, त्यातला किल्ला बसमधून. "तुम्ही काय पाहिलंत?" त्यांनी आत्याला विचारलं.

"एक बाई बघितली," आत्या म्हणाली. "लई कामाची बाई."

खरी परीक्षा कोचीत होती. तिथं मराठीचा वारा नाही. संध्याकाळी पाचच्या आत जहाजावर यायचं होतं. आत्यानं पिशवीवाली बाई हेरली, हातानं लाटा काढून दाखवल्या, आणि आम्ही जेट्टीवरून सरकारी बोटीनं फोर्ट कोचीला उतरलो. मासे धरायच्या चिनी जाळ्यांपुढं जहाजाची मंडळी छत्रीवाल्या गाईडमागं ओळीनं चालली होती. ठाण्याच्या बाईंनी आम्हाला हात केला. मला त्या क्षणी त्या ओळीचा हेवा वाटला, हे लपवत नाही.

आत्या मात्र वासाच्या मागं निघाली होती. मिरी, सुंठ, वेलदोडे, असा वास येणारी गोदामांची एक गल्ली. ती दर दुकानात शिरून मूठभर माल घेई, हुंगे आणि परत ठेवी. एका दुकानापुढं मात्र थबकली. तिथं कांद्याची गोणी उघडी होती. तिनं एक कांदा उचलला, दाबला, त्याची पापुद्र्याची साल अंगठ्यानं सोलली. "संगे, ह्यो आपल्याकडचा हाय. गावरान."

लुंगीवाला दुकानदार हसला. "अहमदनगर!" त्यानं गोणीवर थाप मारली. "गुड सवाला!" सवाला म्हणजे त्यांचा कांदा.

आत्याचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! माहेरचं माणूस भेटावं तसा तिनं तो कांदा दोन्ही हातांत धरला. "बघ," ती मला म्हणाली. "आपल्या आदी आपला कांदा हितं पोचला. त्याला कुनी सोडाया आलतं का?"

हे ऐकून मी जी हसत सुटले ती बाजूच्या दुकानात केळ्याचे वेफर्स घ्यायला शिरले. वजन झालं, पुड्या बांधून झाल्या, मी बाहेर आले, तर आत्या नाही.

कांद्याच्या दुकानात नाही, मिरीच्या दुकानात नाही. तिचा मोबाईल लावला तर तो माझ्याच पिशवीत वाजला. सगळे मोबाईल पिशवीत, हा तिचाच हुकूम. माझ्या धंद्याप्रमाणं मला एकाच वेळी चार प्रकारचे अपघात दिसू लागले. शोधायला लागलं म्हणजे आत्या पैज हरली, हेही डोक्यात होतं. तरी मी शोधत होतेच. धावत पाण्याकडं गेले, तर गाड्या वाहून नेणारी एक मोठी फेरी सुटायच्या बेतात होती आणि तिच्यावर आत्याच्याच रंगाच्या लुगड्यातली पाठमोरी बाई. मी उडी मारून चढले. "आत्या!" म्हणून हाक मारली. बाईनं वळून पाहिलं. ती आत्या नव्हती. हातात भरलेली पिशवी तेवढी होती.

फेरी मला घेऊन समोरच्या बेटावर गेली. तिथून परत यायला रांग, मग पुढच्या बोटीला रांग, मग रिक्षा, मग बंदराच्या फाटकावर तपासणी. पाच वाजायला आले होते. आत्या तिकडं गल्लीत मला शोधत असेल, या विचारानं मला रडू येत होतं. तिला पुण्याला जावं लागणार, तेही माझ्या वेफर्सपायी.

धक्क्यावर पोचले तर जहाजाच्या शिडीपाशी ही गर्दी. पांढऱ्या कपड्यांतला एक अधिकारी हात जोडून उभा होता. त्याच्यापुढं इंदूआत्या. तिचा एक पाय शिडीवर होता आणि एक पाय धक्क्यावर.

आमच्याकडं गावची एसटी सुटायला लागली आणि आपलं माणूस मागून पळत येत असलं, की असंच करतात. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर. मग कुठलाही ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आत्यानं तोच कायदा एवढ्या मोठ्या जहाजाला लावला होता.

"मॅडम, प्लीज, आत या," अधिकारी विनवत होता.

"थांबा जरा. मानूस येतंय," आत्या म्हणत होती.

मला बघितल्यावर तिनं धक्क्यावरचा पाय उचलला. जहाज तिच्यासाठी थांबलं होतं की अजून वेळ शिल्लक होता, हे मी त्या अधिकाऱ्याला कधीच विचारलं नाही.

"कुठं गेलतीस?" आत्या कडाडली.

"तुला शोधायला!"

"मला कशाला शोधायचं? मी कुठं हाय ते मला ठाऊक हुतं."

ती गल्लीच्या टोकाला सुंठ बघायला गेली होती. परत आली तर मी नाही. मग तिनं आपल्या रीतीनं एक पिशवीवाली बाई धरली आणि बोटीनं सरळ जहाजापाशी आली. "म्हणजे ती सोडायला आली तुला," मी चिडवलं. आत्यानं तत्काळ दुरुस्त केलं. "ती न्हाई आली. मी तिच्यासंगं गेले."

"आणि आत्या, जहाज सुटलंच असतं तर?"

"तर उतरले असते. तुला परमुलखात टाकून जाऊ का?"

"मग पैज हरली असतीस. पुण्याला जावं लागलं असतं."

"गेले असते," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मी बघतच राहिले. पण त्या घाईत मला त्याचा अर्थ लागला नाही.

बंदर सुटायच्या आत मी सुहासला फोन लावला. पंचाचं काम इमानदारीनं केलं. आत्या वेळेत होती, चुकले ती मी. फोन स्पीकरवर होता. आत्या पदर खोचून, हनुवटी पुढं काढून भांडायच्या तयारीत उभी. तो आता म्हणणार, संगीतानं शोधलं म्हणजे तू हरलीस. मग ही म्हणणार, तिनं शोधलं न्हाई, मीच तिची वाट बघितली. दोघांचं तासभर चालणार, असं धरून मी खुर्ची ओढून घेतली.

सुहास मनापासून हसला. "वा, आई! मानलं तुला. जिंकलीस. राहा तू राहुरीत, तुला हवं तसं. मी आता पुण्याचं नावसुद्धा काढणार नाही. ठेवू? मीटिंग आहे."

फोन बंद झाला.

"आत्या, जिंकलो!" मी तिला मिठी मारली. तिनं मारू दिली, एवढंच. मग ती कठड्यापाशी जाऊन बसली. रात्री जेवायला खाली आली नाही. मी ताट भरून वर नेलं, तर तसंच बसलेली, कोचीचे दिवे मागं पडत होते.

"लगेच कबूल झाला गं," ती म्हणाली.

"तुलाच हवं होतं ना?"

"व्हय. मलाच हवं हुतं. दर रविवारी भांडायचा. अर्दा अर्दा तास. 'आई, तू येच. आई, तू अशी कशी.' आता रविवारी काय बोलनार त्यो?"

मला एकदम भडभडून आलं. या बाईला राहुरी सोडायची नव्हती, हे खरंच होतं. पण दर रविवारी कुणीतरी तिला तिथून ओढून काढायला बघतंय, त्याच्या जोरावर ती तिथं उभी होती, हे आम्हाला कुणाला कळलं नव्हतं. मी तिला जेव म्हटलं. ती म्हणाली, माझी मी जेवंल. आणि थोडं जेवली.

सुहासनं शब्द पाळला. रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, आणि दोन मिनिटांत संपवतो. मी त्याला सारं सांगितलं, तो गहिवरला, पण पैजेत हरलेल्या माणसाला पुन्हा भांडण उकरणं जमत नाही म्हणाला. मी तर पैज लावलीच नव्हती. म्हणून आता दर रविवारी मी स्कूटरवरून राहुरीला जाते, चहा घेते आणि भांडण काढते. "आत्या, बास झालं एकटं राहणं. नगरला चल माझ्याकडं." मग तिला असा काही जोर चढतो! माझं घर कोंदट, माझ्या नळाला पाणी नाही, माझ्या नवऱ्याला चहात साखर किती लागते ते कळत नाही, सगळं निघतं. ठणकावून नाही म्हणते. मी रागावून निघते. ती खुशीत असते.

परवाच्या रविवारी मला एका लग्नाला पोचायचं होतं. घाईघाईत चहा घेतला, तिच्या गोळ्या ठेवल्या आणि स्कूटरला किल्ली लावली. आत्या फाटकापर्यंत आली. कधी येत नाही ती. फाटकाची कडी उगाच वरखाली करत उभी राहिली.

"संगे," ती म्हणाली. "आज काय इचारलं न्हाईस?"

मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "आत्या, चल नगरला. आत्ताच्या आत्ता."

"अज्याबात येनार न्हाई!" आत्या कडाडली, आणि दार सताड उघडं टाकून आत दुसऱ्यांदा चहा ठेवायला गेली.